कमी खर्चातले बुकशेल्फ स्पीकर कसे पारखावेत

लहान स्पीकर घडवणाऱ्याला तीन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. पेटी लहान असावी, खर्ज खोलवर उतरावा आणि थोड्या वॅटवर भरपूर आवाज निघावा. निसर्गाचे नियम यांपैकी दोनच गोष्टी पदरात टाकतात, तिसरीवर पाणी सोडावे लागते. अँटन हॉफमन या अभियंत्याने १९६० च्या दशकात हे नाते मांडले आणि स्पीकर बनवणारे आजही त्याला हॉफमनचा लोहनियम म्हणतात. महागडा स्पीकरसुद्धा या नियमातून सुटत नाही, आणि स्वस्त स्पीकरच्या मागे तर खर्चाची मर्यादाही लागलेली असते. त्यामुळे ‘हा स्पीकर चांगला आहे का’ असा मोघम प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. याने काय सोडून दिले आहे, ते सोडताना काय जपले आहे, आणि जे सोडले आहे त्याची उणीव मला माझ्या खोलीत, माझ्या संगीतात जाणवणार आहे का, असे विचारले म्हणजे पारख सुरू होते. पुढे सांगितलेला क्रम याच तीन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आहे, आणि तो शक्यतो मोडू नये, कारण ऐकण्याची घाई झाली की आधीची कामे राहून जातात आणि निर्णय चुकतो.

आधी टेप, मग स्पीकर

कोणत्याही स्पीकरचे नाव मनात भरण्याआधी टेप घेऊन काही अंतरे मोजावीत आणि कागदावर लिहून ठेवावीत. आपण जिथे बसून ऐकणार आहोत तिथपासून स्पीकरच्या जागेपर्यंतचे अंतर, स्पीकरपासून मागच्या आणि बाजूच्या भिंतींपर्यंतचे अंतर, आणि खोलीची लांबी, रुंदी, उंची. टेबलावर पाऊण मीटरवरून ऐकणाऱ्याला आणि तीन मीटर दूर बसणाऱ्याला एकच स्पीकर लागू पडेल असे समजणे ही या खरेदीतली सर्वांत मोठी चूक असते.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) आहे, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तो ८५ डेसिबल आवाज देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून ३ मीटरवर तो सुमारे साडेनऊ डेसिबलने कमी होईल. दोन स्पीकर मिळून साधारण ३ डेसिबल परत मिळतात आणि भिंतींवरून परतणारा आवाज आणखी थोडी भर घालतो. म्हणजे प्रत्येकी १ वॅटवर बसण्याच्या जागी ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. एवढा आवाज रोजच्या ऐकण्याला पुरेसा मोठा आहे. पण संगीतातले क्षणिक उंचवटे सरासरीपेक्षा १० ते २० डेसिबलने वर उसळतात. १० डेसिबलसाठी दहापट वीज लागते आणि २० डेसिबलसाठी शंभरपट. म्हणूनच ८२ डेसिबलचा नाजूक स्पीकर टेबलावर उत्तम वाजतो आणि मोठ्या बैठकीच्या खोलीत दमून जातो. त्यात स्पीकरचा दोष नसतो, निवड चुकलेली असते.

कागदावरचे आकडे कसे वाचावेत

माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा वॅटचा असतो, आणि पारखीला त्याचाच उपयोग सर्वांत कमी होतो. स्पीकर किती वीज सोसू शकतो एवढेच तो सांगतो. त्या विजेतून किती आवाज निघेल ते सेन्सिटिव्हिटी सांगते. ‘पीक’ किंवा ‘पीएमपीओ’ असे शब्द मागे लावून फुगवलेले वॅट तर सरळ सोडून द्यावेत.

वारंवारतेचा पल्ला, म्हणजे स्पीकर किती खालच्या स्वरापासून किती वरच्या स्वरापर्यंत वाजतो तो हर्ट्झमधला आकडा, वाचताना त्याच्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ अशी मर्यादा दिली आहे का ते पाहावे. नुसते ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे लिहिले असेल तर ४५ हर्ट्झला आवाज १० डेसिबलने खाली गेलेला असू शकतो, म्हणजे कानाला तो निम्माच वाटेल. प्रामाणिकपणे ‘५८ हर्ट्झ, उणे ३ डेसिबल’ असे छापणारा स्पीकर प्रत्यक्षात अधिक खोल वाजतो असा अनुभव अनेकदा येतो.

सेन्सिटिव्हिटीतही एक खाच आहे. ती बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्या व्होल्टला १ वॅट जातो, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २ वॅट जातात. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचे छापील ८८ डेसिबल हे १ वॅटच्या मापाने ८५ च असतात, शिवाय तो ॲम्प्लिफायरकडून जास्त विद्युतप्रवाह मागतो. घरचा ॲम्प्लिफायर लहान असेल तर इम्पीडन्सचा, म्हणजे ओहममध्ये मोजलेल्या विद्युतरोधाचा, किमान आकडा आवर्जून शोधावा.

वूफरच्या, म्हणजे पडदा पुढे-मागे हलवून खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या घटकाच्या, इंचांबद्दल मात्र थोडे थांबून विचार करावा, कारण तिथे नियम कठोर आहे. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर वूफरला चौपट हवा हलवावी लागते. साडेसहा इंची वूफरचा पडदा चार इंची वूफरच्या सुमारे अडीचपट क्षेत्रफळाचा असतो. त्यामुळे चार इंची वूफर खोल खर्ज देतो असे कोणी सांगितले, तर कमी आवाजात देईल हे गृहीत धरावे. मोठ्या आवाजात त्याचा पडदा पुढे-मागे जाण्याच्या मर्यादेला भिडतो आणि खर्जासोबत गायकाचा आवाजही थरथरू लागतो.

आलेख हाती लागला तर

आज कमी खर्चातल्या अनेक स्पीकरची स्वतंत्र मोजमापे पाहायला मिळतात, आणि माझ्या मते स्पीकरवर लिहिलेल्या दहा पानी कौतुकापेक्षा एक नीट काढलेला आलेख जास्त बोलतो. यामागे मोठे काम आहे. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत १९८० च्या दशकात श्रोत्यांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले आणि त्यांची पसंती मोजमापांशी ताडून पाहिली. सरळ समोर सपाट वाजणारा आणि बाजूलाही तसाच एकसारखा वाजणारा स्पीकर लोकांना पुन्हा पुन्हा आवडतो, असे त्यांतून दिसले. त्याच वाटेवरून पुढे ‘स्पिनोरामा’ नावाची पद्धत प्रमाणित झाली. तिच्यात स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर मिळून ७० मोजमापे घेतात आणि त्यांतून काही मोजक्या रेषा काढतात.

कोणत्या वारंवारतेला किती आवाज निघतो ते आलेख दाखवतो. त्यात आधी समोरची रेषा पाहावी. २०० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत ती एखाद्या संथ पाण्यासारखी असावी. दोन-तीन डेसिबलची हलकी लाट चालते. पण ३ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद टेकडी असेल तर तो स्पीकर कानाला बोचणार हे न ऐकताही सांगता येते. रुंद उंचवटा अरुंद खड्ड्यापेक्षा जास्त जाणवतो, हे लक्षात असू द्यावे. त्यानंतर बाजूच्या रेषा पाहाव्यात. त्या हळूहळू, एका उतारावरून गेल्यासारख्या खाली याव्यात. बऱ्याच स्वस्त स्पीकरमध्ये याच ठिकाणी गडबड असते. साडेसहा इंची वूफर ३ किलोहर्ट्झपर्यंत वाजवला जातो. तिथे ध्वनीची तरंगलांबी अवघी साडेअकरा सेंटीमीटर असते, जवळपास पडद्याच्या व्यासाएवढी, म्हणून वूफर विजेरीसारखा एकाच दिशेला झोत टाकू लागतो. लगेच वरच्या पट्टीत उंच स्वर वाजवणारा लहानसा ट्वीटर सुरू होतो आणि तो मात्र चौफेर पसरतो. समोर सर्व सपाट दिसते, पण भिंतींवरून परतणाऱ्या आवाजात आधी खड्डा आणि मग टेकडी असते, आणि आपल्या कानांवर दोन्ही मिळूनच येते. ट्वीटरभोवती उथळ बशीसारखा खोलगट भाग दिसला तर तो शोभेसाठी नसतो. ट्वीटरचा फैलाव वूफरशी जुळावा म्हणून तो असतो. खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फरक पाडणारी ही एक गोष्ट आहे.

ऐकण्याआधीची तयारी

आता ऐकायला बसायचे, पण त्याआधी ज्यांची तुलना करायची त्या स्पीकरच्या दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्यायचा. ही पायरी वगळली तर पुढचे सर्व कष्ट वाया जातात. एकदा मी दोन जोड्यांमधली एक पंधरा मिनिटांत पसंत केली होती, तिच्यात बारकावे जास्त ऐकू येत होते म्हणून. घरी आल्यावर आठवड्याभरात कान थकू लागले. दुसरी जोडी एका परिचितांकडून आणून मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने दोन्हींचा आवाज जुळवला, तेव्हा कळले की पसंत पडलेली जोडी ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या एकाच खुणेवर अडीच डेसिबल मोठी वाजत होती आणि तिचा वरचा आवाजही चढवलेला होता. जुळवल्यावर बारकावे दोन्हींत तेवढेच होते आणि माणसाचा गळा दुसऱ्या जोडीत खरा वाटत होता. एवढासा फरक कानाला ‘मोठा’ असा कळत नाही, ‘चांगला’ असा कळतो, आणि फसगत होते ती इथेच.

त्यासाठी पिंक नॉइज नावाचा, संततधार पावसासारखा एकसुरी खळखळाट वाजवावा, मोबाइल आपल्या डोक्याच्या जागी धरावा आणि दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणाव्यात. मोबाइलचा आकडा खरा असायला हवा असे नाही, दोन्ही वेळी त्याने सारखे मोजले म्हणजे झाले. दोन्ही जोड्या एकाच जागी, एकाच उंचीवर, ट्वीटर कानाच्या पातळीत येतील अशा ठेवाव्यात. शक्य असेल तर पहिली फेरी एकच स्पीकर लावून मोनोमध्ये ऐकावी. दोन स्पीकरचा पसारा आवाजातले दोष झाकतो आणि एकटा स्पीकर ते उघडे पाडतो. तुलना लहान तुकड्यांवर करावी, दहा-पंधरा सेकंदांच्या, कारण आवाजाच्या बारीक फरकांची आठवण फार लवकर पुसते. आणि कोणता स्पीकर वाजतो आहे ते आपल्याला न सांगता दुसऱ्या कोणी बदलून दिले तर अतिउत्तम. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की डोळ्यांसमोर स्पीकर दिसू लागले की अनुभवी श्रोत्यांचीही मते बदलतात. आकार, किंमत आणि नाव आवाजात मिसळून जातात.

आधी गळा

पहिली परीक्षा माणसाच्या आवाजाची घ्यावी, वाद्यांची नंतर. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत आणि त्यातली खोट पकडायला कोणतेही शिक्षण लागत नाही. मी यासाठी एक घरगुती उपाय वापरतो. घरातल्याच एका माणसाला शांत, मोकळ्या जागी उभे करून मोबाइल हातभर अंतरावर धरायचा आणि त्याला वर्तमानपत्रातला एक परिच्छेद सरळ वाचायला सांगून ध्वनिमुद्रण करायचे. मग ते स्पीकरवर नेहमीच्या बोलण्याएवढ्या आवाजात लावायचे आणि त्याच माणसाला स्पीकरशेजारी उभे राहून तोच परिच्छेद पुन्हा वाचायला लावायचा. मोबाइलच्या माइकची छटा त्यात येतेच, पण ती दोन्ही स्पीकरमध्ये सारखी येते, आणि कोणता स्पीकर त्या माणसाच्या अधिक जवळ जातो ते सहसा पहिल्या दोन वाक्यांतच स्पष्ट होते.

काय बिघडले आहे ते ओळखायला शब्दांची मदत होते. आवाज छातीतून घुमल्यासारखा, जडशीळ वाटला तर १०० ते २०० हर्ट्झची पट्टी फुगलेली असते. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर दोष २०० ते ५०० हर्ट्झमध्ये असतो आणि बऱ्याचदा पातळ पेटी त्याला कारणीभूत असते. नाकातला वाटला तर १ किलोहर्ट्झच्या आसपास पाहावे. ओरडल्यासारखा, अंगावर येणारा वाटला तर २ ते ५ किलोहर्ट्झ, म्हणजे नेमके वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या हाती सूत्रे सोपवतात ती जागा. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ही अक्षरे शिट्टीसारखी पुढे आली किंवा ‘स’ आणि ‘श’ यांतला फरकच पुसला गेला, तर ६ ते ९ किलोहर्ट्झची पट्टी दोषी असते. या परीक्षेत जो स्पीकर नापास झाला त्याचा बेस कितीही दणकट असला तरी मी तो पुढे ऐकत नाही. माझे मत असे आहे की कमी खर्चात सर्वकाही मिळणार नाही हे मान्य, पण गळा खरा मिळालाच पाहिजे, आणि तो मिळतो.

खर्ज किती आणि कसा

बेसची परीक्षा घेताना लोक ढोल बडवणारी गाणी लावतात आणि खिडकी थरथरली की खूश होतात. लहान स्पीकरमध्ये ८० ते १२० हर्ट्झला मुद्दाम फुगवटा देऊन हा परिणाम सहज साधता येतो. तो ओळखायची युक्ती अशी की बेस गिटार किंवा डबल बास एकेका स्वराने वर-खाली चालत जातो असा तुकडा लावावा आणि प्रत्येक स्वर सारख्याच वजनाने येतो का ते ऐकावे. चांगल्या स्पीकरमध्ये चाल ऐकू येते, फुगवलेल्यात एक-दोन स्वर उसळतात आणि बाकीचे मागे पडतात, जणू सर्व गाण्यांत खर्जाचा एकच स्वर आहे. ही परीक्षा स्पीकरच्या अर्ध्या मीटरवर बसून घ्यावी, म्हणजे खोलीचा घुमारा मध्ये येणार नाही.

बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते आणि पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झला. पाच इंची वूफर तिथपर्यंत भरीवपणे पोहोचत नाही. तरीही ती तार आपल्याला ऐकू येते, याचे कारण ८२, १२३ हर्ट्झ असे तिचे वरचे पडसाद (मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर) स्पीकर वाजवतो आणि मेंदू त्यांच्यावरून खालचा मूळ स्वर मनाने भरून काढतो. म्हणून ५५-६० हर्ट्झपर्यंत नीट वाजून तिथून सौम्यपणे उतरणारा स्पीकर बहुतेक संगीतात अपुरा वाटत नाही. जे खाली राहिले ते पुढे कधी सबवूफर (फक्त खोल खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) जोडून, साधारण ८० हर्ट्झच्या खालचे काम त्याच्याकडे सोपवून मिळवता येते. मधल्या पट्टीतली खोट मात्र कोणतेही उपकरण जोडून भरून निघत नाही.

बहुतेक लहान पेट्यांना एक भोक असते, त्याला पोर्ट म्हणतात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या गणितामुळे अशा पेट्या अंदाजाऐवजी हिशेबाने बनवता येऊ लागल्या. तरीही पोर्ट अरुंद असेल तर मोठ्या आवाजात त्यातून फुसफुस ऐकू येते. ते तपासण्यासाठी ३० ते ३०० हर्ट्झ असा हळू चढत जाणारा एकच स्वर मध्यम आवाजात लावावा. आवाज वाढवू नये, कारण पोर्टच्या नेमलेल्या वारंवारतेखाली वूफरच्या पडद्याला मागून हवेचा आधार राहत नाही आणि तो बेफाम हलतो. स्वर चढत असताना कुठे खरखर, कुठे जाळीची थरथर, कुठे पेटीचा गुंजारव उठतो ते कान लावून टिपावे.

उरलेल्या परीक्षा

वरच्या आवाजासाठी टाळ्या, झांजा आणि तानपुऱ्यासारखी दाट पडसादांची वाद्ये उपयोगी पडतात. तानपुरा लावला की तारेचा झंकार गुळगुळीत वर्तुळासारखा फिरत राहिला पाहिजे. वाळू सांडल्यासारखा चरचरला तर ट्वीटर किंवा क्रॉसओव्हर (आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये विभागणारी जोडणी) कच्चा आहे. तिखट वरचा आवाज पहिल्या पाच मिनिटांत आकर्षक वाटतो, म्हणून याबाबतचा निर्णय पाऊण तास सलग ऐकल्यावरच करावा.

आवाज अगदी हळू करून ऐकणे ही दुर्लक्षित पण मोलाची परीक्षा आहे. हळू आवाजात कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. तरीही शब्द स्पष्ट राहिले आणि गाणे सपक झाले नाही तर स्पीकर समतोल आहे. उलट दिशेने आवाज हळूहळू चढवत जाताना एका टप्प्यावर तो मोठा होण्याऐवजी कडक आणि चपटा होऊ लागतो. तो टप्पा आपल्या रोजच्या वापराच्या बराच वर असावा. दोन स्पीकरच्या मधोमध गायक उभा दिसणे, वाद्ये पसरलेली भासणे ही गंमत शेवटी पाहावी. बऱ्याच स्वस्त जोड्या त्यात आश्चर्य वाटावे इतक्या चांगल्या ठरतात, कारण अरुंद पेटी आणि दोन सारखे स्पीकर एवढ्यावरच तो आभास बराचसा उभा राहतो.

पेटी बोटाने ठोकून पाहावी. ‘टक्’ असा आखूड आवाज आला तर आत आधारपट्ट्या आहेत. ‘ढब्ब’ असा लांबणारा आवाज आला तर तोच आवाज गाण्यातही मिसळणार. तारा जोडायचे खांब दुहेरी असणे, पडद्याचा रंग, धातूचे कडे यांना फारसे महत्त्व देऊ नये.

मोलाचा हिशेब

स्पीकरची किंमत ही खर्चाची एक बाजू झाली. त्याला पुरेसा ॲम्प्लिफायर, योग्य उंचीचे स्टँड आणि तारा धरून मिळून जो आकडा होतो त्याचीच तुलना दुसऱ्या पर्यायाशी करावी. ८२ डेसिबलचा स्वस्त स्पीकर मोठा ॲम्प्लिफायर मागत असेल तर तो स्वस्त राहत नाही. आत ॲम्प्लिफायर असलेल्या जोड्या यात उजव्या ठरू शकतात, पण त्यांतही दोन प्रकार आहेत. एका स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर आणि दुसरा तारेने जोडलेला, ही पॉवर्ड जोडी. वूफरला वेगळा आणि ट्वीटरला वेगळा ॲम्प्लिफायर, आणि खालच्या-वरच्या स्वरांची विभागणी त्याआधीच केलेली, हा खरा ॲक्टिव्ह स्पीकर. दुसऱ्या प्रकारात बनवणाऱ्याच्या हाती जास्त नियंत्रण राहते. मात्र आतले इलेक्ट्रॉनिक्स बिघडले तर अख्खा स्पीकर बंद पडतो, तेव्हा दुरुस्तीची सोय विचारून घ्यावी. टेबलावर ठेवणार असाल तर काहीही न वाजवता ट्वीटरजवळ कान नेऊन सूं असा आवाज किती येतो ते पाहावे. अर्ध्या मीटरवरून तो ऐकू आला तर रात्री त्रास देईल. तारांवर उधळपट्टी करू नये, चार-पाच मीटरच्या अंतराला १६ गेजची साधी तांब्याची तार पुरते.

वापरलेले स्पीकर हा मोलाच्या दृष्टीने बरेचदा सर्वोत्तम मार्ग असतो, फक्त तपासणी हाताने करावी लागते. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल तर ती काळाने भुसभुशीत होते. बोट लावताच चुरा पडला तर ती बदलण्याचा खर्च धरावा. पट्टी रबराची असेल तर ती बहुधा टिकलेली असते. चार बोटे पडद्यावर समान टेकवून तो हलकेच आत दाबावा. घासल्यासारखे जाणवले तर आतली कॉइल वाकडी झाली आहे किंवा भाजली आहे. मल्टीमीटर जोडल्यावर ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो. दोन्ही स्पीकरचे आकडे जवळजवळ सारखे असावेत. मग प्रत्येक ट्वीटरपाशी कान नेऊन तो वाजतो आहे याची खात्री करावी. एक ट्वीटर गेलेला असूनही स्टीरिओत ते अनेकांच्या लक्षात येत नाही.

घरी आल्यावरचे पहिले दिवस

तारा जोडल्यावर सर्वांत आधी दोन्ही स्पीकरचे लाल टोक लाललाच गेले आहे ना ते पाहावे. एका बाजूची तार उलटी लागली की दोन वूफर एकमेकांची हवा खातात, खर्ज गायब होतो आणि गायक मधोमध न राहता कुठेतरी हवेत विरघळतो. मोनोतला बोलण्याचा आवाज लावून एका स्पीकरची तार उलटसुलट करून पाहावी. ज्या जोडणीत आवाज घट्ट मधोमध आणि भरीव येतो ती बरोबर.

यानंतर जागा. दोन स्पीकर आणि आपण असा साधारण समभुज त्रिकोण करावा आणि मग दोन्ही स्पीकर पाच-पाच सेंटीमीटरने पुढे-मागे सरकवत ऐकावे. भिंतीवरून परतणारा आवाज विशिष्ट वारंवारतेला मूळ आवाज खोडून टाकतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून १ मीटरवर असेल तर हा खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो, ३० सेंटीमीटरवर असेल तर २८५ हर्ट्झच्या आसपास. खोलीची लांबीही आपला स्वर लावते. ४ मीटरच्या खोलीत ४३ हर्ट्झला, ३ मीटरच्या खोलीत ५७ हर्ट्झला घुमारा उठतो. साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली आपण जे ऐकतो त्यात स्पीकरइतकाच, किंबहुना जास्त वाटा खोलीचा असतो. म्हणून बेस घुमतो अशी तक्रार करून स्पीकर परत करण्याआधी तो भिंतीपासून दूर करून पाहावा, कोपऱ्यातून बाहेर काढावा आणि आपली खुर्चीही मागच्या भिंतीपासून हातभर पुढे घ्यावी. फळीवरच ठेवायचा असेल तर पेटीचे तोंड फळीच्या कडेशी आणावे आणि मागे पोर्ट असेल तर त्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी.

मोजमापाची आवड असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक साधा मापन-माइक एवढ्यावर खोलीतले घुमारे दिसू लागतात आणि खालचे उंचवटे इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) उतरवता येतात. खड्डे भरायचा प्रयत्न करू नये, त्यात वूफर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही नाहक राबतात.

नवा स्पीकर पन्नास-शंभर तास वाजल्यावर ‘मोकळा होतो’ असे सांगून परतीची मुदत टळू दिली जाते, त्याला भुलू नये. वूफरचा पडदा धरून ठेवणारे लवचीक भाग पहिल्या काही तासांत किंचित सैलावतात. बाकीचा बराचसा बदल आपल्या कानांना झालेल्या सवयीचा असतो. परतीच्या मुदतीत दोन-तीन दिवस उरले असताना जुने स्पीकर पुन्हा जोडावेत, पिंक नॉइजवर आवाज जुळवावा आणि पारखताना वापरलेले तेच तुकडे, घरच्या माणसाचे ते ध्वनिमुद्रण धरून, एकामागून एक ऐकावेत. नवे काढून जुने लावताना गळा दूर गेल्यासारखा वाटला तर नवे ठेवावेत. काही फरक शोधावा लागला तर पेटी खोक्यात घालून परत पाठवावी.